रांगेतली चॉकलेटे



परवा इथे सेम्बावांगमधल्या एका सुपरमार्केटात पैसे द्यायच्या रांगेत उभा होतो. बरोबर पाच वर्षांची कन्या. रांग हलेना, आणि तिने चॉकलेटसाठी भोकाड पसरले. समजूत घालायला खाली बसलो, तेव्हा प्रथमच ती रांग तिच्या उंचीवरून पाहिली. डोळ्यांसमोर, हात पोचेल अशा गोळ्या-चॉकलेटेच! माझ्या उंचीवर दाढीची पाती आणि सेल. (तूरडाळ मात्र सर्वांत खालच्या फळीवरून ओणवे होऊन काढली होती.)

हा योगायोग नव्हे. कोणती वस्तू कुठल्या फळीवर, किती जागेत, याचा नकाशा आधी ठरतो. मोक्याच्या जागेसाठी उत्पादक दुकानदाराला पैसेही मोजतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर २००१ आणि २००३ साली अहवाल काढले. प्रयोगशाळेत मी असे नमुने मांडून लोकांची 'आवड' मोजली, तर परीक्षक माझा शोधनिबंध केराच्या टोपलीत टाकतील. दुकानात मात्र त्यालाच ग्राहकाचे स्वातंत्र्य म्हणायचे!

आपल्यातलेच काही म्हणतात, पालकांनी मुलांना वळण लावावे. जरूर लावावे. पण सिंगापूर सरकारने १ ऑगस्ट २०१७ पासून दुकानात सिगारेटची पाकिटे दर्शनी ठेवायला बंदी केली, तेव्हा ओढणाऱ्यांना वळण लावत बसले नाही. दिसले की खपते, हे सरळ मान्य केले. मग पाच वर्षांच्या मुलीकडूनच संयमाची अपेक्षा का? इंग्लंडात ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांना असे गोडधोड पैसे द्यायच्या जागी, दाराशी किंवा गल्लीच्या टोकाला मांडता येत नाही. तिथली दुकाने काही ओस पडलेली नाहीत.

आणि फळीवाचूनही वाणसामान भरता येते. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत माझी आई होती. शेजारच्या कुटुंबांचा संघ, महिन्याची यादी भरून द्यायची, सामान एकत्र येई, बायका ते वाटून घेत. डाळ, साबण, तेल सगळे एकाच कागदावर, एकाच आकाराच्या अक्षरांत.

आमच्या भागातल्या खासदारांच्या साप्ताहिक भेटीत मी हा विषय मांडणार आहे. मागणी एकच: रांगेतली गोळ्या-चॉकलेटे कायद्याने हलवा. बरोबर कोणी येणार असल्यास कळवावे. मुलांना घेऊन आलात तर उत्तम.