रोषणाईमागचा हिशेब

शपथविधी होतो, उरूस भरतो, वलीमा पार पडतो. लोक व्यासपीठावर बसलेल्यांकडे पाहतात, ते व्यासपीठ ज्याने उभे केले त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आम्ही कापडवाले, त्यामुळे आमची नजर आधी झालरीवर जाते. म्हणून आज आपल्याच जिल्ह्यातल्या एका कलावंताच्या कारकिर्दीकडे व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहावे असे आम्हाला वाटते.

नितीन चंद्रकांत देसाई यांचा जन्म १९६५ सालचा, दापोलीचा. 'लगान' आणि 'देवदास'चे देखावे त्यांचे. कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना चार वेळा मिळाला. पण सिनेमा हा त्यांच्या कामाचा एक भाग झाला. लालबागच्या राजाची सजावट त्यांनी केली. २०१४ साली वानखेडे मैदानावर फडणवीस सरकारचा शपथविधी झाला आणि २०१९ साली शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांचा. दोन्ही व्यासपीठे देसाईंचीच होती. सरकार कोणाचेही येवो, हुन्नर असलेल्या माणसाला बोलावणे येते, ही गोष्ट आमच्या तरुणांनी ध्यानात ठेवावी.

२००५ साली त्यांनी कर्जतजवळ स्वतःचा स्टुडिओ उभारला. पुढे २०१६ व २०१८ साली त्यांच्या कंपनीने सुमारे १८० कोटींचे कर्ज घेतले. २०२० पासून हप्ते थकू लागले. त्याच वर्षी कोरोना आला आणि चित्रीकरणे, समारंभ बंद पडले. २०२१ साली स्टुडिओत आग लागली. थकबाकीचा आकडा २५२ कोटींवर गेला. जुलै २०२३ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली आणि २ ऑगस्ट रोजी देसाईंनी त्याच स्टुडिओत आपले जीवन संपविले. एखादा माणूस असे का करतो याचा निवाडा करणारे आम्ही कोण? पण व्यापार करणाऱ्याने या हिशेबाकडे पाठ फिरवू नये.

या धंद्याची खोड अशी की खर्च आधी, सोहळा एका रात्रीचा आणि पैसा सर्वांत शेवटी. सुतार, रंगारी, वीजवाला रोजच्या रोज मजुरी मागतो. कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला येतो. बिल मात्र साहेबांच्या सहीसाठी पडून राहते. आम्ही स्वतः एका समारंभासाठी साटीनचे ताके उधारीवर दिले होते. मंडप दुसऱ्या दिवशी उतरला, आमचे पैसे चौदा महिन्यांनी आले. दोष आमचाही होता. ओळखीवर विसंबून आम्ही कागद केला नव्हता.

आज आमच्या समाजातली कितीतरी मुले मंडप, लाइट, साउंडच्या धंद्यात आहेत. त्यांना आमची विनंती आहे. उद्यम नोंदणी करून घ्या. २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. सेवा देणाऱ्याला हे संरक्षण आहे. आम्हा निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना ते नाही, म्हणून आम्हाला बयाणा घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. सोहळ्याच्या मिळकतीवर जागा-इमारतीचे मोठे कर्ज उचलताना तर दहा वेळा विचार करा.

सूद मना आहे एवढे सांगून आमची जिम्मेदारी संपत नाही. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे आणि अडचणीतल्या कर्जदाराला मुदत देण्याचाही आहे. पहिला आपण आळसाने मोडतो, दुसरा लोभाने. ज्यांच्या घरी येत्या हंगामात शादी आहे, त्यांनी एवढेच करावे: पाहुणे गेल्यावर मंडपवाल्याचा हिशेब त्याच आठवड्यात चुकता करावा. त्याच्या मागे दहा घरांच्या चुली असतात.