बऱ्हाणपूरचे बाळंतपण

१६३१ च्या जून महिन्यात तापीकाठच्या बऱ्हाणपुरात मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. साम्राज्याचा खजिना, दरबारी हकीम, दासींचा ताफा सारे हाताशी असताना! नदीपलीकडील झैनाबादेत तिचे प्रथम दफन झाले; आग्र्याचा ताजमहाल नंतरचा. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हेच मृत्यूचे कारण असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

आज त्याच बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात दर्गा-ए-हकीमीच्या दर्शनाला दूरदूरचे बोहरा भाविक येतात. परंतु तेथल्याच एखाद्या विणकराच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या, तर तिच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या परिचारिकेला नेमके काय येत असेल, हा प्रश्न आम्हांस अधिक निकडीचा वाटतो. कारण मध्य प्रदेशातील परिचर्याशिक्षणाची कथा भयावह आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने तपासलेल्या ३०८ महाविद्यालयांपैकी अवघी १६९ योग्य ठरली. त्यावरही कडी म्हणजे मे २०२४ मध्ये तपासणाऱ्यांपैकीच काहींना लाचेच्या आरोपाखाली अटक झाली आणि फेरतपासणीचा आदेश निघाला. कुंपणानेच शेत खाल्ल्याची ही शंका! २०१८-२० या काळात त्या राज्यात दर लाख जिवंत जन्मांमागे १७३ माता दगावल्या; महाराष्ट्रात ३३. या तफावतीचे खापर एकट्या महाविद्यालयांवर फोडणे अन्यायाचे होईल. दारिद्र्य, अंतर, अल्पवयातील विवाह हीही कारणे आहेतच. पण ज्या हातांनी रक्त थांबवायचे, ते हातच कागदावर शिकले असतील तर?

आपण किनाऱ्यावरच्यांनीही हुरळून जाऊ नये. आपल्याकडे सुइणीचा मान बाराव्या दिवसापर्यंत. विद्यापीठात तिच्या विद्येला आजही पंक्तीच्या टोकाचेच पान. वस्तुतः आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत पदवीसाठी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर! १९६४ साली श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठाने मुंबईत परिचर्या महाविद्यालय काढले, म्हणजे परंपरा आपल्या घरचीच आहे.

या विद्येत संशोधन ते काय करायचे, असे विचारणारे विद्वान आम्हांस भेटतात. त्यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने चार आफ्रिकी देशांतील ८० रुग्णालयांत झालेला प्रयोग पाहावा. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर बाईखाली मापाच्या खुणा असलेले प्लास्टिकचे आवरण ठेवायचे, वाहिलेले रक्त अंदाजाने नव्हे तर मोजून पाहायचे, आणि ठरलेली मर्यादा ओलांडताच गर्भाशयाचे मर्दन, औषधे, शिरेतून द्रव, तपासणी हे सारे उपचार एकामागून एक न थांबता एकदमच सुरू करायचे. एवढ्याने तीव्र रक्तस्राव व त्याचे गंभीर परिणाम सुमारे साठ टक्क्यांनी घटले. हे काम मुख्यतः सुइणी आणि परिचारिकांच्याच हातून झाले.

केंद्र सरकारने २०१८ साली सूतिकासेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढून परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचे खास प्रशिक्षण ठरविले, ते योग्यच. परंतु प्रशिक्षित सूतिकेस पुन्हा सामान्य कक्षात जुंपायचे असेल तर तो खटाटोप व्यर्थ आहे. तिच्यासाठी स्वतंत्र पद हवे. विद्यापीठांनी मान्यता देताना इमारतीचे छायाचित्र न मागता प्रसूतिगृहाची नोंदवही मागावी: प्रत्येक विद्यार्थिनीने किती बाळंतपणे स्वतःच्या हातांनी केली, आणि त्यांतील किती वेळा रक्त मोजले गेले.