सासऱ्यांची आलपाका शेरवानी

धाकट्या नातवाचा निकाह ठरला आणि हिवरखेडच्या घरातली जुनी पेटी उघडली. तळाशी सासऱ्यांची काळी शेरवानी. चमक तशीच, पण डाव्या बाहीला कसर लागून तीन भोकं पडलेली. नातवाला तीच घालायची आहे. सून म्हणाली, "अम्मी, मशीनला लावू का?" मी तिचा हातच धरला.

हे कापड अल्पाकाचं. आपले बुजुर्ग 'आलपाका' म्हणायचे. काळे कोट त्याचे, एके काळी छत्र्यासुद्धा त्याच्याच. हा प्राणी पेरूच्या उंच डोंगरांतला, उंटाच्या कुळातला. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्टने १८३६ मध्ये ही लोकर हाती घेतली. उभा धागा सुताचा, आडवा अल्पाकाचा, असं त्याचं हलकं, चमकदार कापड निघालं. आपल्या दख्खनी मेंढीची घोंगडी ऊब देते, पण मानेला टोचते. अल्पाकाचा तंतू बारीक आणि गुळगुळीत. कित्येक तंतू आतून पोकळ असतात, त्यात हवा अडकते, म्हणून वजन कमी आणि ऊब जास्त. मेंढीच्या लोकरीतला तेलकटपणाही त्यात फारच थोडा.

पण गरम पाण्यात घुसळलं की कुठलीही लोकर आटते. शेरवानीत तर अस्तर आणि बकरमही असतं, ते वेगळंच आटतं. ती ड्रायक्लीनिंगलाच द्यावी. साधी शाल असेल तर थंड पाण्यात रिठा, पिळायचं नाही, सावलीत सपाट पसरायची. आणि पेटीत ठेवण्याआधी धुवायचीच. घामाच्या, अन्नाच्या डागांवर कसर आधी येते. आमच्याकडे तिथेच चुकलं.

नवीन घेताना सांभाळा. गेल्या वर्षी शहरातल्या एका दुकानातून मी 'अल्पाका' शाल आणली. कडेचा धागा चिमट्यात धरून जाळला, तर वितळून टणक मणी झाला. अ‍ॅक्रिलिक! खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चिमटीत भुगा होते.

शेरवानी रफूगराला दाखवली. तो म्हणाला, भोकं बुजतील, पण धागे याच कापडातले हवेत, आणि जास्तीचं कापड फक्त बाहीच्या टोकाशी दुमडलेलं आहे. नातू आजोबांपेक्षा चार बोटं उंच. ते कापड रफूला गेलं तर बाह्या वाढवता येणार नाहीत.

मी म्हटलं, राहू देत आखूड. नवरदेव राजी आहे. त्याची आई अजून नाही.