मुकरचे नाव

आयर्लंडच्या मोनाहन परगण्यात, इनिश्कीन गावाजवळ, मुकर नावाचे एक लहानसे शिवार आहे. कवी पॅट्रिक कॅव्हना यांचा जन्म १९०४ साली तेथेच झाला. आयरिश भाषेत ‘मुक’ म्हणजे डुक्कर, आणि मुकर म्हणजे डुकरांची पैदास होणारी जागा. गावच्या मंडळींना या नावाची फार लाज वाटे, असे कॅव्हना यांनीच १९३८ च्या आपल्या आत्मकथनात मिस्किलपणे सांगितले आहे. नाव मात्र टिकले. ते टिकले याचा आम्हांला आनंद आहे. आणि तो का, हे ज्यांच्या सहीने गावांची नावे कायम होतात त्या आमच्या अधिकारी वाचकांना सांगितलेच पाहिजे.

‘नाव म्हणजे पत्ता, टपाल पोहोचले की झाले,’ असे म्हणणारे गृहस्थ आम्हांला कचेरीकचेरीत भेटले आहेत. त्यांनी आयर्लंडचा नकाशा एकदा उलगडून पाहावा. तेथील शिवारास टाउनलँड म्हणतात. आपल्या मौज्याहून ते बहुधा पुष्कळ लहान, आणि साऱ्या बेटावर अशी ६०,००० हून अधिक. त्यांच्या नावांमागे लागणारे ‘मोर’ आणि ‘बेग’ म्हणजे आपले बुद्रुक आणि खुर्दच! १८२४ साली टॉमस कोल्बी यांच्या देखरेखीखाली करआकारणीसाठी या बेटाची मोजणी सुरू झाली. (ती पाहण्यास जॉर्ज एव्हरेस्ट मुद्दाम आयर्लंडला गेले होते, आणि कोल्बींचे मोजदांडे घेऊन १८३० साली हिंदुस्थानात परतले, तेव्हा हे प्रकरण आपल्याला अगदीच परके नव्हे.)

नावांचे काम पुढे जॉन ओडोनव्हन यांच्याकडे आले. हा किल्केनीतील शेतकऱ्याचा मुलगा. जुनी दप्तरे चाळून, गावोगाव हिंडून, आयरिश बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना उच्चार विचारून त्याने वह्या भरल्या. मूळ रूप वहीत राहिले. नकाशावर छापले गेले ते इंग्रजी जिभेला मानवणारे रूप. परिणाम असा की, नावाच्या आरंभी आज ‘किल’ एवढेच दिसते. मुळात तो शब्द चर्चचा असेल, नाहीतर अरण्याचा. आयरिशमध्ये ते दोन निराळे शब्द आहेत, इंग्रजी लेखनात दोघांचा एकच सांगाडा झाला. आता त्या ‘किल’च्या पोटात प्रार्थना आहे की झाडे, हे नकाशाला विचारून कळत नाही. वहीला विचारावे लागते.

अखेरच्या परगण्याचे नकाशे १८४६ साली निघाले. १८४५ मध्येच दुष्काळास तोंड लागले होते. त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देशोधडीस लागली; आयरिशभाषी पश्चिमेला तर त्याचा सर्वांत मोठा तडाखा बसला. ओडोनव्हन वीस वर्षे उशिरा निघाले असते, तर कित्येक शिवारांत उत्तर देण्यास कोणी उरले नसते.

ब्रायन फ्रील यांच्या १९८० च्या ‘ट्रान्स्लेशन्स’ या नाटकापासून या नावांचे सारे पाप मोजणीच्या माथी मारण्याची चाल पडली आहे. आम्हांला ती मान्य नाही. जमिनी जप्त करून वाटणाऱ्या सतराव्या शतकातील सरकारच्या कारकुनांनी ही मोडतोड आधीच पुष्कळशी उरकली होती. ओडोनव्हन यांनी निदान विचारले तरी! पुढे १९७० नंतरच्या दशकात उत्तर आयर्लंडच्या खेड्यांत टपालाच्या सोयीसाठी रस्त्यांना नावे आणि घरांना आकडे मिळाले, आणि पत्त्यांतून शिवारे गळाली. फर्मानाग परगणा मात्र आपली नावे धरून बसला. त्या हट्टाला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही.

परमुलखात बदली होऊन गेलेले आमचे बांधव तेथील गावाचे नाव आपल्या कानाला लागेल तसे लिहून मोकळे होतात, आणि चार प्रतींत ते रूढ होते. गावच्या एखाद्या वृद्धाला ते आधी म्हणून दाखवावयास सांगण्यास कितीसा वेळ लागतो?

राहिले लाजेचे. किलार्नीच्या सरोवराकाठी मक्रॉस नावाचा भव्य वाडा आहे. मक्रॉस म्हणजे डुकरांचे भूशिर. १८६१ साली राणी व्हिक्टोरिया त्या वाड्यात उतरली होती. सरदारांच्या वाड्याला जे डुक्कर शोभले, ते मुकरच्या शेतकऱ्यालाच काय म्हणून टोचावे?