काठी मिळाली, चालायला कोण शिकवणार?

दुष्काळाच्या काळात, 1900 साली, अमेरिकन मिशनच्या मिलर्डबाईंनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली, तेव्हा आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातला कोरपना तालुका निजामाच्या राज्यात होता. राजुरा तालुक्यासोबत हा मुलूख 1956मध्ये मुंबई राज्यात आला, आधी नांदेडला आणि 1959मध्ये चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्याला जोडला गेला. मधल्या काळात ताडदेवला 1902मध्ये, पुण्यात 1934मध्ये अंधशाळा निघाल्या. नागपुरात निघाली, पुढे जवळच वरोऱ्याच्या आनंदवनातही. पद्धत सगळीकडे जवळपास सारखीच. मूल घरून आणायचे, वसतिगृहात ठेवायचे, ब्रेल आणि एखादा हुन्नर शिकवायचा. यातून पिढ्या उभ्या राहिल्या.

पण ही सगळी व्यवस्था मुलासाठी होती. पन्नाशीत काचबिंदूने डोळे गेलेला कापूस उत्पादक वसतिगृहात कसा जाणार? मोतीबिंदू काढला की दिसू लागते, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. त्याला गोठा, विहीर आणि एसटीच्या थांब्यापर्यंतची वाट हवी असते. आजही समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक तालुक्यात फिरतात ते शाळकरी मुलांसाठीच.

प्रौढाच्या वाट्याला आला तो दिव्यांगत्वाचा दाखला. 2016च्या कायद्याने 3/60पेक्षा कमी नजर म्हणजे अंधत्व ठरवले: निकोप डोळ्याला साठ मीटरवरून दिसते ते चष्मा लावूनही तीन मीटरवरून न दिसणे. दाखल्यावर एसटीत सवलत मिळते, निराधार योजनेचे अनुदान मिळते. ते कमी लेखू नये. घरात म्हाताऱ्याचा शब्द कधी कधी त्या अनुदानावरच टिकतो.

1981पासून केंद्राच्या योजनेतून पांढरी काठीही मिळते. शिबिर भरते, नाव पुकारतात, फोटो निघतो. ही लांब काठी अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी 1944च्या सुमारास घडवली, आणि सोबत चालण्याची रीतही. उजवा पाय पुढे पडताना काठीचे टोक डावीकडे. ती अंगात मुरायला आठवडे लागतात. आपण काठी आणली, रीत मागेच राहिली. त्यात कोरपन्याची काळी माती. पावसाळ्यात टोक रुतते, आणि पक्क्या रस्त्यावर सिमेंटचे ट्रक. शिकवणाऱ्याशिवाय ती काठी दाराआडच राहणार. फोनचेही तसेच. पडद्यावरचे वाचून दाखवणारी सोय त्यात फुकट असते, पण ती सुरू कोण करून देणार? कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, तर अडचण आणखी मोठी. फोन मराठी बोलेल, कोलामी नाही.

पैसा नाही, ही सबब इथे चालणार नाही. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात, आणि त्या उत्पन्नात कराची भर घालणारे सिमेंटचे कारखाने गडचांदूर-आवारपूर पट्ट्यात आहेत. बऱ्याच ठिकाणी हा निधी वर्षाअखेरीस सारखा वाटून संपवला जातो. त्याऐवजी चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून एक प्रशिक्षक नेमावा. त्याने घरी जाऊन, त्याच माणसाच्या अंगणात आणि त्याच्याच वाटेवर शिकवावे. शिकणाऱ्यांची नावे दाखल्यांच्या यादीतून निवडू नयेत; कोण हल्ली घराबाहेर पडत नाही, हे गावच्या आशाताईला विचारावे.