सुईच्या टोकावरचा मूषक आणि हाताचे मोल

गेल्या गणेशोत्सवात आमच्या वस्तीतील मंडळाने मुलांच्या हस्तकौशल्याचे एक छोटेखानी प्रदर्शन मांडले होते. रांगोळ्या होत्या, कागदी तोरणे होती, शाडूचे मोदक होते. त्या मांडणीच्या एका कडेला बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीने लोकरीने विणलेला, पोटात कापूस भरलेला, पिवळाधमक पिकाचू आणून ठेवला. ज्यांच्या शब्दाला आम्ही सारेच मान देतो असे एक वयोवृद्ध सभासद त्या मेजापाशी थबकले आणि म्हणाले, "पोरी, गणरायाच्या दारात हा जपानी प्राणी कशाला? करायचाच होता तर बाप्पाचा उंदीर करायचास!" मुलगी क्षणभर गोंधळली आणि मग हळूच म्हणाली, "आजोबा, हासुद्धा उंदीरच आहे."

भोवतालची मंडळी हसली, आजोबाही हसले, आणि प्रसंग तेवढ्यावर मिटला. तथापि आजोबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या समाजाच्या घरात क्रिओल, शाळेत इंग्रजी व फ्रेंच आणि मराठीच्या वाट्याला आठवड्यातील काही मोजके तास, त्या समाजातील वडीलधाऱ्यांना मुलांच्या हातातील प्रत्येक परकी वस्तू ही आपल्या उरल्यासुरल्या ठेव्यावरील घाला वाटावी, हे स्वाभाविक आहे. त्यांच्या चिंतेचा मी आदर करतो. परंतु या वेळी त्यांचा रोख चुकला, असे माझे नम्र मत आहे. आणि ते मत का झाले हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम त्या प्राण्याविषयी. मुलीचे उत्तर अगदी खरे होते. १९९६ साली जपानमध्ये निघालेल्या पोकेमॉन नामक खेळात पिकाचूची गणना मूषकवर्गातच केलेली आहे. त्याच्या नावातील 'पिका' हा जपानी भाषेत चमकण्याचा ध्वनी, तर 'चू' हा उंदराच्या चीत्काराचा. ज्या सातोशी ताजिरी यांनी तो खेळ कल्पिला, त्यांना बालपणी रानातले किडे गोळा करण्याचा छंद होता. वस्ती वाढली, शेते-तळी गेली, आणि तो आनंद पुढच्या मुलांना मिळावा म्हणून त्यांनी खेळातले प्राणी निर्माण केले. १९८८ सालच्या मियाझाकींच्या चित्रपटातील टोटोरो हाही असाच वृक्षराजीत राहणारा, गुबगुबीत, मुलांनाच दिसणारा जीव. ज्या देशाने डोडोसारखा पक्षी गमावला, त्या देशातील मुलांना हरवलेल्या रानातून आलेले हे प्राणी जवळचे वाटले, तर नवल ते काय?

दुसरी गोष्ट, परकेपणाची. आमच्या आज्यांनी रेडिओवर, कपाटावर आणि देव्हाऱ्याच्या फळीवर जे पांढरेशुभ्र, जाळीदार रुमाल पसरले, ज्यांना आपण सारे 'नापरों' म्हणत आलो, ते तरी कोकणातून गाठोड्यात बांधून आणलेले होते काय? क्रोशे हा शब्दच फ्रेंच. त्याचा अर्थ लहान आकडा. या कलेचा निश्चित इतिहास युरोपात १९ व्या शतकाच्या आरंभापलीकडे फारसा जात नाही. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमधील जोगिणींच्या मठांतून आणि शाळांतून ही जाळी शिकवली गेली, आणि उपाशी कुटुंबांच्या पोटात तिच्या विक्रीने दोन घास गेले. आमच्या पूर्वजांना घेऊन जहाजे या बेटाकडे येत होती तो काळही तोच. कोकणातून आलेल्या बायांजवळ सुई-दोरा होता, वाकळ शिवण्याचे ज्ञान होते, चिंध्यांची बाहुली करण्याची हौस होती. आकड्याची सुई त्यांच्या लेकीसुनांनी या भूमीत उचलली आणि इतकी आपलीशी केली की आज ती आम्हांला परंपरा वाटते. परके ते आपले होते ते हाताने. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेले मात्र परकेच राहते. दूरदर्शनच्या पडद्यावर पिकाचू पाहणारे मूल प्रेक्षक असते. तोच पिकाचू विणणारे मूल कारागीर होते.

आता त्या कारागिरीत काय दडले आहे ते पाहावे. असली खेळणी विणण्याच्या जपानी पद्धतीला 'आमिगुरुमी' म्हणतात. विणणे आणि कापूस भरलेली बाहुली या दोन अर्थांच्या शब्दांचा तो सांधा आहे. ओढून घट्ट करता येईल असे दोऱ्याचे वेटोळे करून त्यात सहा मुके खांब घालावयाचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा, तिसरीत अठरा, मग चोवीस, तीस, छत्तीस. प्रत्येक फेरीला सहाच टाके का वाढवायचे? वर्तुळाची त्रिज्या एकाने वाढली की परीघ सव्वासहांच्या आसपास वाढतो, आणि मुका खांब जवळजवळ जितका उंच तितकाच रुंद असतो. म्हणून सहा वाढवले की चकती सपाट बसते. वाढवणे थांबवले की तिची वाटी होते, कमी करू लागले की वाटी मिटून चेंडू होतो. सहा फेऱ्या वाढवून, सहा फेऱ्या छत्तिसांवर चालवून, मग सहा-सहांनी घटवत सहांवर आणले, तर एवढ्या एका डोक्याचे टाके भरतात ४३२. धड, हात, पाय, कान आणि वीज चमकावी तशी ती वाकडी शेपटी अजून बाकीच! एक टाका सुटला तर पुढच्या फेरीत हिशोब जुळत नाही आणि उसवण्यावाचून गत्यंतर नसते. चूक झाली की ती कबूल करून परत मागे जाणे, हा धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात इतक्या रोखठोक रीतीने मिळतो?

हे गणित पोरखेळ नव्हे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९७ साली डाइना ताइमिना या विदुषीने, कागदावर धड दाखवता न येणारा वक्र भूमितीचा एक पृष्ठभाग क्रोशाच्या सुईने विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिला. प्रत्येक फेरीला प्रमाणापेक्षा अधिक टाके वाढवले की कापड सपाट न राहता चुण्या-चुण्यांनी फुलू लागते, आणि आमच्या खाजणाच्या पाण्यातले काही प्रवाळही तसेच फुललेले असतात. त्या मुलीने अभ्यासक्रमाबाहेर, केवळ आवडीपोटी या भूमितीच्या उंबरठ्याला पाय लावला होता. आम्ही तिला शाबासकी द्यावयास हवी होती.

आणि भाषेचे काय? येथे तर आजोबांची चिंता आणि माझे मत एकाच वाटेला येतात. इंग्रजीत याच टाक्यांच्या नावांचा मोठा घोटाळा आहे. अमेरिकन पुस्तक ज्याला सिंगल क्रोशे म्हणते, त्यालाच ब्रिटिश पुस्तक डबल क्रोशे म्हणते. आमच्याकडे दोन्ही प्रकारचे नमुने येतात आणि नवशिक्या मुली चुकीचे डोके विणून बसतात. आपल्या मराठीत मात्र साखळी ती साखळी, मुका खांब तो मुका खांब आणि खांब तो खांब. काय नेमके आणि काय देखणे शब्द आहेत हे! ज्या टाक्याला फारशी उंची नाही तो मुका. जो ताठ उभा राहतो तो खांब. मुलांनी आपल्या भाषेतील आकडे मोजायला शिकावे म्हणून आम्ही तक्ते टांगतो, पाठांतर करवतो. त्याऐवजी चारशे बत्तीस मुके खांब मराठीत मोजवावेत. "सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस" हे जिभेवर असे बसेल की परीक्षेनंतरही उतरणार नाही. हाताला काम असताना ऐकलेला शब्द मनात खोल रुजतो, हे आमच्या आज्यांच्या ओव्यांनी आणि जात्याने केव्हाच सिद्ध केले आहे.

परंतु माझ्या मते या साऱ्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे, आणि तिचा संबंध थेट आमच्या पूर्वजांशी पोहोचतो.

लोकर विणणारी यंत्रे आहेत. आमच्याइतके ते कोणाला ठाऊक असणार? १९७० साली निर्यात क्षेत्राचा कायदा झाला, कारखाने उभे राहिले, आणि उसाच्या मळ्यात राबलेल्यांच्या नाती-पणती हजारोंनी स्वेटरांच्या कारखान्यांत यंत्रांपुढे बसल्या. पुढे २००४ च्या अखेरीस जागतिक व्यापारातील कापडाचा कोटा संपला आणि त्यांतल्या अनेकींच्या हातचे काम गेले. परंतु क्रोशाचे तसे नाही. क्रोशाचा भास देणारे कापड यंत्रावर निघते. खरे क्रोशे, टाक्यात टाका ओवून केलेले, कारखान्यातील यंत्र आजही करीत नाही. याचा सरळ अर्थ असा की जगाच्या पाठीवर कोठेही, कोणत्याही दुकानात क्रोशाचे खेळणे दिसले, तर ते कोणातरी मनुष्याच्या दहा बोटांनी केलेले आहे. त्यावर लिहिलेली किंमत अगदी किरकोळ असेल, तर तो सुईचा चमत्कार नव्हे. कोठेतरी कोणा बाईच्या सहा-सात तासांच्या श्रमाला जवळजवळ काहीच दिलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वाचकहो, श्रमाचे मोल दुसऱ्याने ठरवावे म्हणजे काय, हे आम्हांला कोणी शिकवावयास नको. १८३४ पासून जवळजवळ पाच लाख माणसे करारावर या बेटात उतरली. त्यांत मुंबई बंदरातून आलेले आमचे मराठी पूर्वजही होते. पुरुषाला महिना पाच रुपये मजुरी, आणि एक दिवस कामावर गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापण्याची 'डबल कट' नावाची रीत! आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांपाशी दरवर्षी २ नोव्हेंबरला आपण फुले वाहतो, त्या अन्यायाचे स्मरण करतो. ते योग्यच आहे. पण त्याच आठवड्यात जत्रेतील मेजावर एखाद्या शेजारणीने विणलेले खेळणे उचलून, "एवढ्याशा बाहुलीला एवढे पैसे?" असे विचारताना आपली जीभ अडखळत नसेल, तर त्या फुलांचा उपयोग काय? प्रदर्शनाच्या दिवशी मी स्वतःच हे वाक्य कानांनी ऐकले. बोलणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना ते ४३२ टाके दिसले नव्हते, एवढेच. ते दिसावेत म्हणून तरी प्रत्येक मुलाने, मुलीने आणि, हो, मुलग्यानेही, आयुष्यात एकदा असा एक प्राणी शेवटास न्यावा. ज्याने एक डोके विणले आहे तो दुसऱ्याच्या विणीवर घासाघीस करणार नाही.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, सुट्टीतील मराठी वर्गाला क्रोशाच्या वर्गाची जोड द्यावी. ज्या आज्यांच्या बोटांत ही विद्या अजून आहे त्यांना गुरुस्थानी बसवावे, आणि नमुना मराठीत लिहून मुलांच्या हाती द्यावा. दुसरी, मंडळाच्या जत्रेत हाताने केलेल्या प्रत्येक वस्तूवर किमतीच्या जोडीने तिला लागलेले तासही लिहावेत. भाव करावयाचा असेल तर त्या तासांकडे पाहून करावा.

तिसरी सूचना विक्रीसंबंधी. पिकाचू घरच्या लेकरासाठी विणावा, भाचरांना द्यावा. परंतु तो दुसऱ्याच्या कल्पनेचे अपत्य आहे, त्याच्यावर त्याच्या निर्मात्यांचा हक्क आहे, आणि त्याचा बाजार मांडणे उचित नव्हे. विकावयाचा प्राणी आमच्या अंगणातच आहे. १५९८ साली डच येथे उतरले आणि पुरी सात दशके लोटण्यापूर्वीच, १६६२ च्या सुमारास, डोडो अखेरचा दिसला. पुढे १८६५ साली मार-ओ-सोंजच्या दलदलीत त्याची हाडे सापडली, आणि त्याच वर्षी छापल्या गेलेल्या अ‍ॅलिसच्या गोष्टीत टेनियलच्या चित्राने तो जगभरच्या मुलांचा सवंगडी झाला. आमच्या राष्ट्रचिन्हावरही तो उभा आहे. त्याच्यावर कोणाचीच मालकी नाही. सहा टाक्यांनी आरंभ करून फुगीर पोट, आखूड पंख आणि आकड्यासारखी चोच विणता येते. ती चोच तर क्रोशाच्या सुईचीच बहीण शोभते.

आता पुन्हा त्या आजोबांकडे वळतो. प्रदर्शन संपताना मी तो पिकाचू त्यांच्या हाती दिला आणि म्हटले, "काका, एकदा नुसता उलटून पाहा." त्यांनी तो चष्म्याजवळ नेला, टाक्यांच्या ओळींवरून अंगठा फिरवला, पाठीवरची तपकिरी पट्टी किंचित वाकडी बसली होती ती त्यांच्या नजरेतून सुटली नाही. मग त्यांनी मुलीला जवळ बोलावून विचारले, "हे शिकलीस कोणाकडून?" ती म्हणाली, "आजीकडून. ती बोलत जाते, मी मोजत जाते." आजोबांनी यावर काही मत दिले नाही. फक्त तो पिवळा मूषक त्यांनी कडेवरच्या जागेवरून उचलला आणि मेजाच्या मध्यभागी, शाडूच्या मोदकांशेजारी, आपल्या हाताने ठेवला.