खाडीच्या पाठबळाचा विसर

आरमारी लढाईचा निर्णय भर समुद्रात, केवळ माऱ्याच्या जोरावर लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास त्यास पूर्ण दुजोरा देत नाही. जून १९४२ मध्ये मिडवे बेटानजीक अमेरिकी विमानांनी जपानच्या चार विमानवाहू नौका बुडविल्या आणि प्रशांत महासागरातील युद्धाचे पारडे फिरले. शत्रूच्या सांकेतिक संदेशांचा उलगडा हे या विजयाचे एक कारण. दुसरे कारण गोदीत होते. कोरल समुद्रातील लढाईत जायबंदी झालेली 'यॉर्कटाउन' ही नौका पर्ल हार्बरच्या कामगारांनी सुमारे तीन दिवसांत डागडुजी करून पुन्हा लढाईस धाडली. मिडवेच्या लढाईत ती गमवावी लागली खरी. पण तत्पूर्वी तिच्या विमानांनी आपली कामगिरी बजावली होती.

हाच धडा पेण-रोह्याच्या खाड्यांनी अडीचशेहून अधिक वर्षे आधी दिला होता. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडावरचा हा जलदुर्ग इंग्रजांना खुपला आणि त्यांनी बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे आरमार त्यांच्यावर चालून गेले. 'डोव्ह' ही नौका मराठ्यांच्या हाती लागली. 'रिव्हेंज'ने मात्र टिकाव धरला आणि मराठी आरमारास नागोठण्याच्या खाडीकडे माघार घ्यावी लागली. त्या दिवसाच्या लढाईचे माप कोणाच्याही पदरात टाकले, तरी १६८० च्या प्रारंभी तह करून माघारी गेले ते इंग्रज. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

याचे कारण भूगोलात आहे. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका चौल-रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. नागोठण्याची अंबा पेण तालुक्याच्या कडेने धरमतरच्या खाडीत उतरते. या उथळ पाण्यात मोठ्या इंग्रजी जहाजांना शिरकाव नव्हता. वल्ह्यांनी चालणारी मराठी गलबते मात्र येथे आसरा घेत आणि वारा पडला की रात्री बेटावर रसद पोहोचवीत. खांदेरी राखली ती तिच्या पाठीशी असलेल्या खाड्यांनी व दर्यावर्दी समाजांनी.

या इतिहासाचे स्मरण अलीकडे उचित रीतीने झाले आहे. २०१९ मध्ये भारतीय नौदलात 'खांदेरी' पाणबुडी दाखल झाली. २०२५ मध्ये हा दुर्ग जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. प्रश्न उरतो तो खाड्यांचा. गाळ साचतो आहे. कुंडलिकेच्या प्रदूषणाची तक्रार जुनी आहे. पेणच्या खारबंदिस्तीस खांड पडली की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि शेतकऱ्याची वर्षाची बेगमी जाते. या खाड्या निरुपयोगी झाल्या आहेत, असेही नव्हे: डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल आजही धरमतरच्या खाडीतूनच येतो. उद्योगास जी वाट उपयोगी पडते, ती कोळ्याला व शेतकऱ्यालाही निर्वेध राहिली पाहिजे.

किल्ल्याच्या तटाची डागडुजी आवश्यकच आहे. पण बंधारे भक्कम करणे, पाण्याची नियमित तपासणी करून तिचे निष्कर्ष जाहीर करणे आणि होड्या बांधणाऱ्या कारागिरांचे ज्ञान नोंदवून ठेवणे, हीही त्याच वारशाची जपणूक होय. तट राखावयाचा आणि ज्या खाड्यांनी तो तारला त्या बुजू द्यावयाच्या, याला इतिहासप्रेम म्हणता येणार नाही.